चिठ्ठी घातलेलं पान

९ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार-चमत्कार सगळे भेटीत करीन. आज सरळ कामाचं लिहिते. फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि मला निम्मं बोलता येत नाही, मग दोघी मिळून काय होणार?

मला तुझ्या दुकानातून पुस्तकं हवी आहेत. माणसांशी बोलावं कसं हे शिकवणारं एक, कोड्यांचं एक, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं असतं ना, तसलं एक. इथल्या दुकानात जाऊन आले. तिथल्या मुलाने 'यशस्वी संभाषण' म्हणून जे काढून दिलं त्याच्या मुखपृष्ठावर एक माणूस इतके दात दाखवून हसत होता, की मी दातच बघत बसले. वरचे चार खोटे होते, आणि रंग चुकलेला होता. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करून माझी नजर अशी झाली आहे. माझ्या टेबलावर तोंडंच तोंडं असतात, आणि त्यातलं एकही बोलत नाही. त्यामुळे मला सराव नाही, हे तुला माहीतच आहे.

आता कारण सांगते. लग्न होऊन वर्ष झालं. छोटीचे बाबा चांगले आहेत. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात, घरी आल्यावर 'होईल नीट' एवढंच म्हणतात, आणि त्यांचं बहुतेक नीट होतं. पण छोटी माझ्याशी बोलत नाही. नावाची छोटी, उंचीने माझ्या डोक्यावरून गेली आहे. उद्धट नाही गं ती. विचारलं तर उत्तर देते, ताट उचलून ठेवते, मला 'तुम्ही' म्हणते आणि खोलीत जाते. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली आणि मी काही तिची आई व्हायला आलेली नाही. पण एका घरात राहतो तर एकमेकींना ओळखायला नको का?

आता तिच्या आजीचं, म्हणजे तिच्या आईच्या आईचं, म्हणणं आहे की परीक्षा झाली की तिला कायमचं आपल्याकडे न्यावं. तिच्या बाबांनी सांगितलं, तिच्या मनावर आहे, ती ठरवेल. ते बरोबरच आहे. पण तिने इथला विचार करावा असं इथे काहीतरी हवं ना? मला ती इथे हवी आहे, आत्या. मी हातपाय गाळून बसणार नाही. ती रोज वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं कापून घेऊन जाते, एवढाच धागा माझ्या हातात आहे. तू निवडून पाठव.

तुझी,
घुमी

१६ जानेवारी

प्रिय घुमे,

तुला मी घुमी म्हणायला लागले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि दाढ दुखत असताना दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतंस. आता कवळ्या करतेस. नशीबही काय गंमत करतं बघ.

पार्सल पाठवलं आहे. बोलण्यावरची पुस्तकं माझ्याकडे फळीभर आहेत. त्यातली निम्मी समोरच्याला गुंडाळायचं कसं हेच शिकवतात, ती तुला दिली असती तर पाप लागलं असतं. एकात प्रत्येक वाक्याआधी श्वास मोजायला सांगितलाय. तेवढ्या वेळात तुझी छोटी खोलीत जाऊन दार लावेल. शेवटी पिवळ्या पुठ्ठ्याचं निवडलं. लिहिणारी बाई जरा पुस्तकी आहे, पण मनाने खरी आहे. कोड्यांचं मुद्दाम जाडजूड घेतलं, मोठ्या पानांचं, म्हणजे ते खोलीत लपवून सोडवता येत नाही, टेबलच लागतं. तिसऱ्यात घरच्यांनी मिळून करायचे उद्योग आहेत. त्यातला पतंगाचा सोड, तो कुणाच्यानेच उडत नाही. मी आणि शेजारच्या औषधवाल्याने करून बघितलाय.

माझी सवय तुला ठाऊक आहे. न वाचलेलं पुस्तक मी देत नाही, आणि दिलं की ज्याला दिलं त्याच्यासाठी एका पानात चिठ्ठी घालते. गिऱ्हाईक म्हणतात, आत्याबाईंचं औषध चिठ्ठीत असतं. तुझी चिठ्ठी पिवळ्या पुस्तकात आहे, नको ते नको म्हणण्याबद्दलचं प्रकरण आहे तिथे. मुलीशी बोलायचं तू शिकशील गं. पण ती आजी समोर येऊन बसली की तू मूग गिळून बसशील, हे मला इथून दिसतंय. मुलीला नेऊ नका, मला ते नकोय, हे त्या बाईंना तोंडावर सांगायची तयारी आत्तापासून कर.

पुस्तकं कपाटात ठेवू नकोस. सगळ्यांच्या येता-जाता नजरेला पडतील अशी ठेव. घरात पडलेलं पुस्तक कधीतरी कुणीतरी उघडतंच.

तुझी,
आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पुस्तकं मिळाली आणि मी कामाला लागले. फजितीच फजिती आहे. हसू नकोस. हसणारच तू.

पिवळ्या पुस्तकात लिहिलंय की समोरचा बोलला की त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत म्हणायचं, म्हणजे आपण ऐकलं असं त्याला वाटतं. छोटी शाळेतून आली आणि म्हणाली, "मला भूक नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तुला आत्ता भूक नाही, असं तुझं म्हणणं आहे."

ती थबकली. "हो. तेच म्हणाले मी."

"आणि ते तू मला सांगितलंस, हे मला बरं वाटलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच कपाळाला हात लावून ताप बघितला. रात्री जेवताना तिच्या बाबांनी विचारलं, "मीठ कमी आहे का?" तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे मीठ कमी आहे, असं तुमचं म्हणणं आहे." त्यांनी घास तसाच धरून आमच्या दोघींकडे बघितलं. मला वाटतं तेव्हा ती मला चिडवत होती. मला त्याचाही आनंद झाला, इतकी माझी अवस्था आहे.

उद्योगांच्या पुस्तकातलं डोळे बांधून वस्तू ओळखणं केलं. तिच्या बाबांनी सगळे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर नंबरासकट ओळखले, मग त्यांचा हात माझ्या नमुन्याच्या कवळीवर पडला आणि ते किंचाळले. छोटीने ओठ दाबून धरले होते. हसू फुटणार म्हणून उठून गेली. हसली असती तर काय बिघडलं असतं?

तुझी चिठ्ठी वाचली. बरोबर ओळखलंस मला. वेळ आली की सांगेन त्यांना. तोंडातल्या तोंडात सराव करते, प्लास्टर सुकायची वाट बघताना.

तू म्हणालीस तशी तिन्ही पुस्तकं जेवणाच्या टेबलावरच असतात. पण एक कळत नाही. सुरुवातीचे थोडे दिवस ती जरा सैल झाली होती, कोड्यांच्या पुस्तकाची पानं उलटताना मी पाहिलं होतं. आणि गेल्या आठवड्यापासून एकदम मिटून गेली. आता वर्तमानपत्रातलं कोडंही कापत नाही. मी काय चुकले?

तुझी,
घुमी

११ फेब्रुवारी

पुस्तकवाल्या आत्या यांना,

तुमचा पत्ता पार्सलवर होता. मी तुमच्या भाचीच्या घरात राहते. म्हणजे त्या माझ्या बाबांच्या घरात राहतात. तुम्हाला माहीतच असेल.

माझी दोन कामं आहेत. एक, कृपा करून त्यांना आणखी पुस्तकं पाठवू नका. त्या जे काही करतात ते कितव्या पानावरचं आहे हे मला कळतं, कारण मी तुमचं पिवळं पुस्तक वाचलंय. त्या वाईट नाहीत. पण कुणी आपल्याशी पुस्तकात बघून बोललं तर कसं वाटेल, तुम्हीच सांगा.

दुसरं, मला एक कोड्यांचं पुस्तक हवंय. लहान आकाराचं, एकटीला सोडवता येईल असं आणि प्रवासात चालेल असं. मोठं नको, बॅगेत मावत नाही.

मी पत्र लिहिल्याचं त्यांना सांगू नका. शब्द द्या. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, तो खाली लिहिलाय.

छोटी
(हे नाव बाबांनी ठेवलंय. मी छोटी नाही.)

१८ फेब्रुवारी

प्रिय छोटी नसलेल्या छोटीस,

शब्द दिला. तो मी मोडत नाही, हवं तर औषधवाल्याला विचार, त्याचं टकलाच्या तेलाचं गुपित मी किती वर्षं पोटात ठेवलंय. आता ते फुटलं म्हणा, पण तू त्याला ओळखत नाहीस.

तुझं पहिलं काम झालं. पुस्तकं बंद. पुस्तकात बघून बोलणारा माणूस बघवत नाही, कबूल. पण एक ऐकून घे. माझी भाची पाच वर्षांची असल्यापासून बोलायला घाबरते. ती तुझ्याशी बोलण्यासाठी पुस्तक उघडते, हे मला तरी कौतुकाचंच वाटतं.

दुसऱ्या कामात अडचण आहे. गिऱ्हाईक ओळखल्याशिवाय मी पुस्तक निवडत नाही. प्रवासात चालेल असं म्हणतेस, पण प्रवास कुठला? सुट्टीतला की कायमचा? आणि एकटीला सोडवायचंय ते आवडतं म्हणून, की दुसरं कुणी नाही म्हणून? दोन्हींची पुस्तकं वेगळी असतात. तुला आजीकडे जायचं असेल तर सरळ लिही. मी रागावणार नाही. आजीकडे जावंसं वाटणं काही गुन्हा नाही.

पुस्तकवाली आत्या

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू गप्प का आहेस? मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. दुकानात गर्दी असेल.

छोटीने तिची फळी आवरली. जुनी कोडी एका वहीत चिकटवलेली होती, ती वर्गातल्या मैत्रिणीला देऊन टाकली. बाबांना म्हणाली, मोठी बॅग माळ्यावरून काढून ठेवा. त्यांनी काढली. मग बराच वेळ तिची चाकं दुरुस्त करत बसले. चाकं चांगली होती.

आजींचं पत्र आलं. परीक्षा संपली की येणाऱ्या रविवारी त्या दुपारी येणार आहेत.

मी विचार केला, आत्या. तिला जायचं आहे हे आता स्पष्टच आहे. मग मी आजींना 'नेऊ नका' म्हणणं म्हणजे तिच्या वाटेत आडवं पडणं झालं. तिला मी हवी आहे की नको, हे मी कधी विचारलंच नाही, मला ती हवी आहे एवढंच धरून बसले. तुझी चिठ्ठी बाजूला ठेवते. हसतमुखाने बॅग भरून देईन, डबा देईन आणि दारात उभी राहीन. एकदा ठरवलं की मी ते नीट करते, तुला माहीत आहे. तेवढं तरी मला जमेल.

तुझी,
घुमी

१ मार्च

पुस्तकवाल्या आत्यांना,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पण तुम्हाला उत्तरं माहीत असून विचारलेत, याचा मला राग आलाय.

पिवळ्या पुस्तकात तुमची चिठ्ठी आहे. अक्षर पार्सलवरचंच आहे. "हे आधी वाच. जे सांगायचंय ते एकदा तोंडावर सांगून टाक. लांबवलंस की दोघींनाही त्रास." आणि पान कुठलं, तर नको असलेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं ते. आमच्या घरात दोघी म्हणजे मी आणि त्या. बाबांना त्या नको म्हणणार नाहीत. मग राहिलं कोण?

त्या अजून सांगत नाहीत, कारण त्यांना बोलायला जड जातं. प्रत्येक जेवणाला मला वाटतं, आता सांगतील. त्या ओठ हलवून सराव करतात. मी पाहिलंय. मला ते बघवत नाही. म्हणून मी ठरवलंय की आजी आली की मीच आधी सांगणार, मला जायचंय. म्हणजे कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

मला जायचं नाहीये. तुम्ही शब्द दिलाय म्हणून लिहिते. आजी चांगली आहे, पण माझी शाळा इथे आहे, बाबा इथे आहेत. आणि खरं सांगायचं तर तुमच्या भाचीचा पण मला कंटाळा येत नाही. आमच्या दाराच्या मागे तीन खुंट्या आहेत, बाबांची, माझी आणि आईची. आईची रिकामी आहे. त्या घरात आल्या त्या दिवशी त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आपला लॅबचा कोट तिथे नाही लावला. वर्षभर खुर्चीच्या पाठीवर टाकतात. रोज तो खाली पडतो आणि रोज उचलतात. मला तेव्हाच वाटलं होतं की ह्या बऱ्या आहेत.

पण नको असलेल्या घरात मी राहणार नाही. हे नक्की आहे. प्रवास कायमचा आहे. आता पुस्तक पाठवा.

छोटी

५ मार्च

प्रिय छोटी,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले. औषधवाला विचारायला आला, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही आणि जाऊ देणार नाही.

ती चिठ्ठी तुझ्याबद्दल नव्हती. दोघी म्हणजे माझी भाची आणि तुझी आजी. भाचीला काय नकोय हे मी तुला आत्ता या कागदावर लिहू शकते. पण तू हुशार आहेस. तू म्हणशील, भाचीची आत्या, आपली बाजू सावरतेय. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तिचं तिच्या तोंडून ऐक.

मी तुझ्याकडे एकच मागते. आजी येतील त्या रविवारी तू आधी बोलू नकोस. तिला पहिलं वाक्य बोलू दे. तिने तुला नको म्हटलं, तर मी स्वतः तुला बॅगेत मावेल असं जगातलं सगळ्यात चांगलं पुस्तक आणून देईन आणि तुझी माफी मागेन. इतकी वर्षं लोकांच्या पुस्तकांत चिठ्ठ्या घालत आले, पण त्या दुसरं कुणी वाचेल हे मला कधी सुचलंच नाही. वर मीच सांगितलं होतं, पुस्तकं उघड्यावर ठेव.

पुस्तक पाठवत नाही. रविवारनंतर बोलू.

आत्या

५ मार्च

घुमे,

हसतमुखाने बॅग भरणार म्हणे! कान उपटायला तिथे नाही म्हणून वाचलीस.

ऐक. पिवळं पुस्तक बंद कर. पुस्तक विकणारी बाई सांगतेय तुला. रविवारी आजी आल्या की मुलीने तोंड उघडायच्या आत तू बोलायचं. जे हवंय ते आणि जे नकोय ते, तुझ्या शब्दांत, मोडकंतोडकं, पण मोठ्याने. आणि ते नुसतं आजींना ऐकू जाऊन चालणार नाही. मुलीला ऐकू गेलं पाहिजे. तिच्या वाटेत आडवं पडणं वगैरे काही नाही त्यात. ठरवायचं तिनेच आहे, पण आपण कुणाला हवे आहोत की नाही हे माहीत असल्याशिवाय कुणी काय ठरवणार?

हे मला कशावरून कळलं ते विचारू नकोस. शब्दाने बांधलेली आहे. आजवर तुझं ऐकत आले, एकदा तू माझं ऐक. दाढ दुखतेय, तर सांग.

आत्या

२२ मार्च

प्रिय आत्या,

सांगितलं.

आजी आल्या, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. आमच्याकडे टेबलाला चारच खुर्च्या, चौथीवर माझा कोट असतो. तो उचलून त्यांना जागा दिली आणि सगळा वेळ कोट पोटाशी धरून बसले. चहा झाला. परीक्षेची चौकशी झाली. मी तोंड उघडायचे आणि मिटायचे. छोटी माझ्याकडे टक लावून बघत होती. इतका वेळ ती माझ्याकडे कधीच बघत नाही. मी बोलत नाही असं दिसलं, तेव्हा तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "आजी, मी ठरवलंय..."

"थांब," मी म्हटलं. जरा जोरातच आलं. पिवळ्या पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलंय की कुणाचं वाक्य तोडू नये. मी तोडलं. "तुझं नंतर. आधी माझं."

आणि आजींकडे बघून सगळं एका दमात बोलून टाकलं. "मला ही जायला नकोय. तुम्ही हिच्या आजी आहात, तुमचा हक्क माझ्या आधीचा, सगळं मान्य. पण मला ही इथे हवी आहे. ही माझ्याशी बोलत नाही, तरी हवी आहे. संध्याकाळी हिने दार आपटलं की मला बरं वाटतं, आली म्हणून. ठरवायचं हिनेच. ही जाते म्हणाली तर बॅग मी भरून देईन. पण मी खुशीने पाठवली असं कुणी समजू नका. खुशीने नाही पाठवणार."

तिचे बाबा माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मी लिफ्टशिवाय दहा मजले वर गेले होते. छोटी उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. तर ती पिवळं पुस्तक घेऊन आली, तुझ्या चिठ्ठीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हे कुणाला सांगायचं होतं?"

मी म्हटलं, "आजींना." आणि मग कळलं की आजी समोरच बसल्यात.

"मला?" आजी म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पान वाचलं. तिचे बाबा सारखे विचारत होते, "कसली चिठ्ठी? कुणाची चिठ्ठी?" मी म्हटलं, "माझ्या आत्याची." छोटी रडत होती, आत्या. उभ्या-उभ्या, आवाज न करता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे पोर इतके दिवस हे पान पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होतं. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं, पण हातात कोट होता, म्हणून मी कोटासकट घेतलं. तिने घेऊ दिलं.

आजींनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुझी आत्या फटकळ दिसते. पण मला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, नवा संसार आहे, हिची अडचण होत असेल. अडचण व्हायच्या आत आपणच न्यावं. माझं घर रिकामं आहे हेही खरंच." मग त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. त्यांना तसं बसलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. त्यांनी तर लेक गमावली आहे.

छोटी नाक पुसून म्हणाली, "आजी, मी सुट्टीत येते. सगळी सुट्टी राहते. शाळा सुरू झाली की परत येणार." मग थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला भूक लागलीय."

मी तिचं म्हणणं परत म्हणून दाखवलं नाही. उठले आणि वाढलं.

तुला हे सगळं माहीत होतं ना? तिने सांगितलं तुला? नको, सांगू नकोस. शब्द पाळ.

तुझी,
घुमी

३० मार्च

प्रिय आत्या,

आता शब्द पाळायची गरज नाही. मीच सांगितलं घरी. बाबा म्हणाले, आपल्या घरात सगळे पत्रातच बोलतात की काय?

पिवळं पुस्तक परत पाठवतेय. बदलून द्या. त्यात त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्यात त्या मी खोडल्यात. चिठ्ठी मात्र मी ठेवून घेतलीय. तुमचं औषध चुकीच्या माणसाने घेतलं, पण लागू पडलं.

त्याच्या बदल्यात काय हवंय ते नीट वाचा. एकसारखी दोन कोड्यांची पुस्तकं द्या, एक माझ्यासाठी आणि एक आजीसाठी. म्हणजे सुट्टी संपल्यावर आम्ही एकच पान दोन घरी सोडवू आणि पत्रात भांडू. आणि घरासाठी वेगळं एक द्या, तुमच्याकडे असेल नसेल तेवढं जाड, पुढच्या जानेवारीपर्यंत संपणार नाही असं. आधीचं अर्धं झालंय. त्यांना आकड्यांची कोडी अजिबात येत नाहीत. उगाच कुठेही आकडा लिहितात आणि वर म्हणतात, बसतोय की! काल मी ओरडले, "अगं, नाही बसत तो तिथे!" 'तुम्ही' म्हणायचं राहूनच गेलं. मग त्यांनी आकडा खोडला आणि म्हणाल्या, बरं, तू सांग कुठे. प्रवासात चालेल असं पुस्तक आता नको.

उद्योगांचं पुस्तक परत देत नाही. त्यातला पतंग आम्ही केला. तुमचं बरोबर आहे, तो उडत नाही.

आणखी एक. दारामागची आईची खुंटी तशीच आहे. ती आईचीच राहणार. मी बाबांना सांगितलं, तिच्या शेजारी एक चौथी ठोका. त्यांनी खुंटी नाही ठोकली, कामावरून लिफ्टचा एक मोठा बोल्ट आणला आणि भिंतीत गिरमिटाने भोक पाडून पक्का बसवला. त्या लॅबमधून आल्या, कोट खुर्चीवर टाकायला गेल्या, तर मी म्हटलं, तिकडे. त्यांनी बघितलं. कोट लावला, मग काढला, परत लावला. बाबांनी बोल्ट हलवून बघितला आणि म्हणाले, "हा आता भिंत पडली तरी निघायचा नाही."

त्यामुळे टेबलाची चौथी खुर्ची मोकळी झालीय. सुट्टी संपली की दुकान औषधवाल्याकडे सोपवा आणि या. आल्यावर फोनसारखं निम्मं ऐकू आलं नाही म्हणू नका, मी मोठ्याने बोलेन.

तुमची,
छोटी